कोरी वडी

सुमन,

तुझ्या गॅलरीतल्या फळीवर आठ वड्या सुकत होत्या. हॉस्पिटलात जायच्या आदल्या आठवड्यात तू ओतलेल्या. तू गेलीस, दहावं झालं, तेरावं झालं, साताऱ्याचे पाहुणे आले नि गेले, पण त्या वड्यांना कुणी हात लावला नाही. कपडे वाळत घालायला जाणारेसुद्धा अंग चोरून त्यांच्या बाजूने जात होते. परवा तुझ्या वैशूने त्या ताटलीत घालून माझ्या दारात आणल्या. तेव्हा जे झालं ते तुला सांगायला बसलेय. पण एकदम तिथे उडी मारली तर तूच म्हणशील, "आगं, पहिल्यापासून सांग की. मधूनच काय?" म्हणून पहिल्यापासून सांगते. ऐकायला आता तुला वेळच वेळ आहे.

त्याआधी एक कबुली. मला वास येत नाही, सुमन. ऐंशी सालच्या थंडीत ती मोठी सर्दी झाली होती बघ, पंधरा दिवस अंथरुणाला खिळले होते, तेव्हा गेला तो गेलाच. फोडणीचा येत नाही, उदबत्तीचा येत नाही, रॉकेलचाही येत नाही. आणि तुझ्या साबणाचा, ज्याच्यासाठी तू दर महिन्याला माझ्यापुढे वड्या मांडून बसायचीस, त्याचाही येत नाही. नऊ वर्षं मी तुझ्याशी धडधडीत खोटं बोलत आले.

तू पहिल्यांदा माझं दार वाजवलंस ते आठवतं? अठ्ठ्याहत्तर सालचा उन्हाळा. वाशीत तेव्हा होतं काय? आपली बिल्डिंग, समोरची बिल्डिंग, मधे चिखल आणि वर खाडीचा वारा. बारा बिऱ्हाडांची जागा, पण भरलेली सातच. भाजी आणायची तर पिशवी घेऊन बसस्टॉप गाठायचा. मी चिपळूणची, तू साताऱ्याची, आणि दोघींचे नवरे सकाळी डबा घेऊन बेलापूर रोडवरच्या कंपन्यांत गेले की दिवस खायला उठायचा. अशात एका दुपारी तू दारात उभी. हाताला फडकं गुंडाळलेलं, कपाळावर घाम.

"वहिनी, जर्मनचं नसलेलं मोठं पातेलं आहे का हो तुमच्याकडे?"

मी आत जायच्या ऐवजी तुझ्या पदराचाच वास घेतला. म्हटलं, "खोबरेल तापवलंत का? घाण्याचं नाही हे. डब्यातलं आहे, आणि दोन महिने तरी जुनं असणार."

तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस की मी लाजलेच. तुला काय माहीत, माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि डब्याचं झाकण उघडलं की तेल कुठल्या घाण्याचं ते मी पाठ फिरवून सांगायची. गिऱ्हाइकं गंमत म्हणून मला विचारायची. लग्न झाल्यावर त्या नाकाचा कुणाला काही उपयोगच राहिला नव्हता. तुला तो त्या दुपारी सापडला.

मग तू मला तुझ्या स्वयंपाकघरात नेलंस. ओट्यावर जर्मनचं पातेलं, त्यात काळंकुट्ट काहीतरी फसफसतंय. कुठल्याशा मासिकात घरगुती साबणाची कृती वाचली होतीस. भावोजी म्हणाले होते, "हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही." बस्स, तेवढं पुरे होतं तुला. कॉस्टिक सोडा आणलास, तो पाण्यात घातलास, आणि घातलास कशात, तर जर्मनच्या, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात. कॉस्टिकने पातेलंच खाल्लं. आपण दोघी दारात उभं राहून, तोंडाला पदर लावून ते बघत होतो. तेवढ्यात तुला हसू फुटलं, मग मला. त्या दिवसापासून माझं स्टीलचं पातेलं तुझ्याकडे राहिलं. अजून तिथेच आहे. वैशूला म्हटलं, राहू दे.

साबण करायला तू आठ दिवसांत शिकलीस. ताकाची रवी त्यासाठी कायमची बाजूला काढलीस, सासूबाईंचे शिव्याशाप ऐकून घेतलेस. खोबरेलात कॉस्टिकचं पाणी सोडायचं, घुसळत राहायचं, रवी उचलल्यावर वर रेघ उमटली की सेंट घालायचा, ताटात ओतायचं, दुसऱ्या दिवशी बर्फीसारख्या वड्या पाडायच्या. मग रद्दीवर महिनाभर सुकवायच्या. वडीच्या बुडाला पेपरातली अक्षरं उलटी उमटायची नि वैशू आरसा धरून वाचत बसायची.

खरा छळ सेंटचा. मस्जिद बंदरला एका अत्तरवाल्याकडून तू नखाएवढ्या बाटल्या आणायचीस, प्रत्येक बाटली वेगळ्या रद्दीत गुंडाळलेली. बाटलीत जो वास तोच साबणात येईल तर शपथ! गुलाबाने तर घात केला. चार थेंब पडले मात्र, दोन मिनिटांत पातेल्यात दगड, रवी उभी ती उभीच. व्हॅनिलाच्या वड्या आठ दिवसांत तपकिरी झाल्या आणि वैशूने चॉकलेट समजून एकीला दात लावला. मोगरा आज घरभर दरवळायचा नि तिसऱ्या आठवड्यात गुल. म्हणून तुझा नियम होता: एकेका सेंटच्या दोनच वड्या करायच्या, काडेपेटीच्या काडीने भोकं पाडायची, पहिल्या सेंटला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, आणि महिना झाल्याशिवाय कुणी वास घ्यायचा नाही. महिना झाला की मी डोळे मिटून बसायचं आणि तू एकेक वडी माझ्या नाकाखाली धरायचीस.

"हा वाळा. राहिलाय चांगला. हा केवडा, पण वर वर आहे, आत गेलाच नाही. हा काय गं, मोगरा? मेला हा."

तू वहीत लिहून घ्यायचीस. भावोजी एकदा म्हणाले, "अहो, इतकं तर आमच्या लॅबमध्ये पण चालत नाही." काय फुगले होते मी! त्या दोन वर्षांत मी जितकी सुखी होते तितकी आधी नव्हते आणि नंतरही नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. कशाला सांगायचं, असं वाटायचं. रोज भेटतोय की.

माझ्यानंतर परीक्षा हिरूबायची. सानपाडा गावातून मासळीची पाटी घेऊन यायची, दोन जिने चढून धापा टाकत टेकायची. तू तिचे हात धुवायला वडी द्यायचीस. ती दोन्ही हात नाकाशी नेऊन निकाल सांगायची.

"बाय, वास बेस हाय. पन म्हावऱ्याचा वास काय गेला नाय. खालून म्हावरा नि वरशी फूल, असा येतं."

"मग काय करू गं?"

"कर काय बी. माज्या हाताला पानी नि राखच बरी."

आणि तू तेही लिहून घ्यायचीस. "हिरूबाय नापास" असं. मी हसून लोळायची. तू मात्र सांगायचीस, "कुंदा, जिच्या हाताला रोज म्हावरं, तिचा शब्द खरा. आपण दोघी नुसत्या हौशी."

मग ती सर्दी आली. महिनाभर मला वाटलं, येईल परत. घरात फक्त ह्यांना सांगितलं, आणि ह्यांना सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. "वास नाही ना येत? बरंय, गटार तुंबलं तरी तुला त्रास नाही," एवढं बोलून हे पेपर वाचायला लागले. तुला सांगायचं रोज ठरवायची. पण तू ताटली घेऊन यायचीस, "चल, मीट डोळे," म्हणायचीस, आणि माझी जीभ उचलायची नाही. खरं सांगू? मला भीती वाटायची. तुझं वाचन दांडगं होतं, तुला हिशेब येत होता, चार बायका तुझ्या शब्दावर जमायच्या. माझ्याकडे तुला हवं असं एक नाक होतं. तेही गेलं म्हटल्यावर तू माझ्याकडे कशाला येणार? दोन दारांमध्ये चार पावलं होती, पण ती तू कशासाठी टाकायचीस ते मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग मी लबाडी शिकले. डोळे मिटल्यासारखे करायची आणि पापण्यांतून तुझा चेहरा बघायची. आवडलेली वडी तू माझ्या नाकाखाली जरा जास्त वेळ धरायचीस. नावडती पटकन मागे घ्यायचीस. बाकी आठवणीवर. वाळा म्हटलं की बहुतेक चालून जायचं, कारण वाळा तुझा लाडका. आपलं ते मोगरा की वाळा भांडण आठव. मी मोगऱ्यासाठी हट्ट धरायची, तू म्हणायचीस, "मोगरा टिकत न्हाई गं, कितीदा सांगू?" तू बरोबर होतीस की चूक, मला काय कळणार होतं! मी आपली भांडत होते, कारण पूर्वी भांडत होते म्हणून.

आणि मग ती दिवाळी.

बिल्डिंगीत सगळ्यांनी ठरवलं होतं, यंदा अभ्यंगस्नानाला सुमनताईंचा साबण. चाळीस वड्या. नेमकी तेव्हा तुला सर्दी, नाक लाल, डोळे सुजलेले. तेलाचा डबा उघडून तू माझ्यापुढे धरलास. "बघ गं, मला काही कळत नाही आज. तेल बरं आहे ना?" तेव्हा तरी सांगायचं होतं मी! तोंडापर्यंत आलं होतं. पण तू इतक्या भरवशाने डबा धरला होतास की मी वाकले, हुंगल्यासारखं केलं नि म्हटलं, "छान आहे. घाल."

खवट होतं ते तेल. चंदनाच्या सेंटने महिनाभर दबून राहिलं आणि नरकचतुर्दशीला पहाटे गरम पाणी पडल्याबरोबर वर आलं. फटाके राहिले बाजूला, जिन्यात नुसती दारं उघडत होती. खालच्या कर्णिकबाई ओल्या केसांनी वर आल्या. "अहो सुमनताई, आम्ही अभ्यंगस्नान करून परत आंघोळ केली हो! जुन्या वड्याच्या तेलात बुडून निघाल्यासारखं वाटतंय." सगळ्या जमल्या. कुणीतरी म्हणालं, "पण तेल तर कुंदाताईंना दाखवूनच घेता ना तुम्ही?"

मी तुझ्या मागे उभी होते.

तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. म्हणालीस, "न्हाई न्हाई, घाईत मी दाखवलंच नाही तिला. माझंच चुकलं. माझं नाक बंद, नि म्हटलं चालतंय." आणि हात जोडलेस सगळ्यांना.

मी गप्प राहिले, सुमन. चकल्या घेऊन तुझ्याकडे आले, तू चहा केलास, आणि त्यावर आपण एक अक्षर बोललो नाही. ना त्या दिवशी, ना पुढे कधी. मला वाटलं, तू मला मैत्रीखातर पाठीशी घातलंस, एखादी चूक सगळ्यांच्याच हातून होते म्हणून. इतकंच वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी तू वडी आणलीस, एकच, नि म्हणालीस, "ही बघ, नवीन सेंट आहे." मी पापण्यांतून बघितलं. तुझा चेहरा कोरा होता. काहीच वाचता येईना. म्हणून धाडस करून म्हटलं, "केवडा आहे का? छान उतरलाय." तू वडी रद्दीत परत गुंडाळलीस. मग म्हणालीस, "व्हय, केवडाच." त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाहीस. माझ्या लक्षात आलं होतं ते, पण त्याचा अर्थ काही लागला नाही.

ब्याऐंशीत आमच्या गॅसचा नंबर लागला. सिलिंडर वर चढवला तेव्हा निम्मी बिल्डिंग बघायला आली होती. मी शेगडीला हळदकुंकू लावलं. आणि दुसऱ्या दिवसापासून तुझं ते खूळ सुरू झालं. रोज सकाळी सव्वादहाला, हे कामावर गेले की, तू दार ढकलून आत. बेल नाही, हाक नाही. तडक ओट्यापाशी. कधी साखर हवी, कधी चहागाळणी, कधी काहीच नको. वाकून शेगडीखाली बघायचीस, दुधाचं पातेलं उघडायचीस. "हे दूध राहू दे, नासल्यासारखं वाटतंय," म्हणून परस्पर ओतून द्यायचीस. रात्रीची भाजी उघडून "ही टाक" म्हणायचीस. मला आधी गंमत वाटली, मग राग यायला लागला. माझ्या घरात मी काय खायचं तेही तूच ठरवणार?

एकदा मी भडकलेच. "तू काय इन्स्पेक्टर आहेस का गं? माझ्या स्वयंपाकघरात येऊन हुंगायचं काय काम तुझं? मला कळत नाही का दूध नासलेलं?"

तू माझ्याकडे बघितलंस. काहीतरी बोलणार होतीस, मला पक्कं आठवतंय, ओठ हलले होते. पण नुसतं "बरं" म्हणून गेलीस. मी दाराला कडी लावली. चार दिवस तू आली नाहीस. मात्र चारही दिवस सव्वादहाला कडी वाजायची आणि दारात शाळेच्या गणवेशातली वैशू. "मावशी, आईने वाटी मागितलीय." "मावशी, आईने विचारलंय, काडेपेटी आहे का?" शेगडीपाशी जाऊन उभी राहायची पोर, इकडेतिकडे बघायची नि पळायची. मी मनात म्हटलं, बाईसाहेबांना स्वतः यायला कमीपणा वाटतोय. पाचव्या दिवशी तू आलीस, जणू काही झालंच नव्हतं, तडक ओट्यापाशी. भांडण तसंच अर्धवट राहिलं. मी माफी मागितली नाही आणि तू मागू दिली नाहीस.

आमच्या न्हाणीघरात इतकी वर्षं तुझाच साबण. दर महिन्याला चार वड्या आणून द्यायचीस. "खास तुझ्यासाठी काढल्यात." मी नाकाशी धरून दीर्घ श्वास घ्यायची. "वा! काय वास आहे गं!" तू मान डोलवायचीस. हे एकदा म्हणाले होते, "याला वास कुठाय?" त्यांना मी सुनावलं, "तंबाखूने तुमचं नाक गेलंय, तुम्हाला काय कळणार!"

आता परवाचं. सकाळचे सव्वादहा. तू हॉस्पिटलात गेलीस तेव्हापासून वैशू रोज या वेळेला येतेय. कधी साखरेला, कधी उगीच. मला वाटायचं, आईविना पोरीला करमत नसेल. परवा तिच्या हातात ताटली होती. आठ वड्या.

"मावशी, या वड्या..."

मी पुढचं ऐकलंच नाही. मला वाटलं, आता ही विचारणार, आईच्या शेवटच्या वड्या, कुठली कुठल्या वासाची सांगा. सवयीने हात पुढे गेला. एक वडी उचलली, नाकाशी धरली, "वाळा" शब्द जिभेवर तयार. पापण्यांतून पोरीकडे बघितलं. तुझंच नाक, तुझीच ती उभं राहायची ढब. आणि मला ते जमेना. तुझ्याशी नऊ वर्षं खोटं बोलले, आता तुझ्या लेकीशीही बोलायचं?

"वैशू," मी म्हटलं, "मला वास येत नाही गं. कसलाच येत नाही. तुझ्या आईला मी फसवलं. ती गेली, आणि मी सांगितलंच नाही तिला." आणि तिथेच, ओट्याला टेकून, भोकाड पसरलं.

वैशूने ताटली खाली ठेवली. माझा हात धरला. "मावशी, तुमच्या हातात आहे ना, त्या वडीत काहीच घातलेलं नाहीये. कोरी आहे ती. बघा, भोकं नाहीत. तुमच्या कोऱ्याच असायच्या. चार तुमच्या, चार आमच्या. तुमच्या द्यायलाच आलेय मी."

मी वडी उलटीसुलटी करून बघितली.

"आई म्हणायची, तिच्या वडीत कशाला घालायचा सेंट? नुसतं अंगाला खाजतं त्याने. तिला काय, 'वा' म्हणायचंच आहे." पोरगी हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "त्या दिवाळीनंतर आईला संशय आला. मग ती कोरी वडी घेऊन आली तुमच्याकडे आणि तुम्ही केवडा म्हणालात. घरी येऊन रडली होती. मला बजावलं होतं, मावशीला कळू द्यायचं नाही. तिला लाज वाटेल."

"मग रोज..."

"गॅससाठी, मावशी. गॅस सुटला तर तुम्हाला कळणार कसं? आई म्हणायची, काका कामावर गेल्यावर एकटी असते ती. म्हणून यायची. तुमचं भांडण झालं तेव्हा मला पाठवायची. हॉस्पिटलात ॲडमिट झाली ना, पहिल्या संध्याकाळी मला काय सांगितलं माहितेय? बाबांच्या डब्याचं नाही, माझ्या परीक्षेचं नाही. म्हणाली, सव्वादहा चुकवू नको."

मला एकच विचारायचं होतं. ते तुला विचारायला हवं होतं, पण तिला विचारलं. "वैशू, तिला माहीत होतं, तर मग ती दर महिन्याला वड्या घेऊन माझ्यापुढे कशाला बसायची गं? माझ्या नाकाचा तिला काय उपयोग होता?"

वैशूला ते फार सोपं वाटलं. "नाकाचा काय संबंध? आईला तुमच्याकडे बसायचं असायचं. नुसती आली की तुम्ही म्हणायचात, माझी कामं पडलीत."

म्हणायची मी. खरंच म्हणायची. तू नुसती बसू नयेस, काहीतरी कामाला आलेली असावीस, असं मला वाटायचं, म्हणजे माझी गरज आहे असं वाटायचं. आणि तू ते ओळखून दर महिन्याला काम घेऊन यायचीस, माझ्या खोट्या निकालांना मान डोलवायचीस. माझ्यापेक्षा तूच मोठी लबाड निघालीस, सुमे. आणि मला ते सांगायला आता तू नाहीस, याचा फार राग येतो मला. रडू येतं त्याहून जास्त राग येतो.

तुझ्या चारांतली एक-भोकवाली वडी वैशूने काल हिरूबायला हात धुवायला दिली. तिचे केस पार पिकलेत, पण पाटी सुटलेली नाही. हात नाकाशी नेऊन तिने दोनदा हुंगले. मग म्हणाली, "म्हावऱ्याचा वास गेला गो. इतक्या वर्सांनी गेला. सुमनबायला सांगाया पायजे." कुठला सेंट होता तो, वैशूलाही माहीत नाही. वहीत मी माझ्या हाताने लिहिलंय: हिरूबाय पास.

माझ्या चारांतली एक मी आज काढली. आंघोळीआधी सवयीने नाकाशी धरली आणि मोठ्याने म्हटलं, "वा, काय वास आहे गं!" बाहेरून हे म्हणाले, "कुणाशी बोलतेस?" सांगितलं, "तुमचं काम नाही."

त्या भांडणानंतर दाराला कडी लावायची मला सवय लागली होती. आता दहा वाजले की मी उठते आणि कडी काढून ठेवते.

तुझी,
कुंदा